घोड्याच्या रक्तातले औषध

मुंबईच्या उत्तरेला कांदिवली आहे. पूर्वी इथे खेडी होती, शेती होती, दगडाच्या खाणी होत्या. आज उंच इमारती आहेत. पण स्टेशनापासून पूर्वेकडे चालत राहिले, की इमारती संपतात आणि जंगल लागते. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. जंगलाच्या कडेला वस्त्या आहेत. कोणी रत्नागिरीचे, कोणी जालन्याचे, कोणी साताऱ्याचे. पोटासाठी आलेली माणसे. पावसाळ्यात त्यांच्या दारात पाणी येते, आणि पाण्याच्या मागोमाग कधी सापही येतो.

अशाच एका वस्तीत आम्ही रात्रीचा वर्ग चालवीत होतो. एका रात्री फळ्यावर 'साप' हा शब्द लिहिला. सोपा शब्द आहे. 'स'ला काना, पुढे 'प'. सगळ्यांनी वाचला. पहिल्या ओळीत बसणाऱ्या एक बाई मात्र गप्प राहिल्या. मग म्हणाल्या,

"माझ्या दिराला चावला होता, गावाकडं. आधी भगताकडं नेला. दोन तास तिथंच गेले. मग दवाखान्यात नेला, तर डॉक्टर म्हणाले, घोड्यापासून केलेलं औषध देतो. सासूबाई अडून बसल्या. माणसाला घोड्याचं औषध कशाला, म्हणाल्या. त्यात आणखी वेळ गेला."

"वाचला का?" आम्ही विचारले.

"वाचला. पण पायाची दोन बोटं कापावी लागली. गुरुजी, खरंच का ते औषध घोड्याचं असतं?"

होय, खरेच असते. आम्ही उत्तर देणार, तोच मागच्या भिंतीला टेकून बसलेले एक म्हातारे बाबा बोलले. ते वर्गात फारसे बोलत नसत. "घोड्यापाशी मी बावीस वर्सं काढली," ते म्हणाले. "पुण्याकडं, शर्यतीच्या घोड्यांच्या पागंत." म्हणून हा धडा अर्धा त्यांचा आहे आणि अर्धा आमचा.

पुण्याच्या आसपास शर्यतीचे घोडे वाढवण्याच्या मोठ्या पागा आहेत. तिथे घोड्या विणतात, शिंगरे वाढतात. घोडीला दिवस गेल्यापासून विण्यापर्यंत सुमारे अकरा महिने लागतात. बहुतेक घोड्या रात्रीच वितात. बाबांनी अशा कितीतरी रात्री कंदील घेऊन जागून काढल्या होत्या. शिंगरू जन्मल्यावर तासा-दोन तासांत पायांवर उभे राहते. पहिल्या काही तासांत त्याच्या पोटात आईचा चीक गेलाच पाहिजे. माणसाच्या बाळाला रोगाशी लढण्याची थोडी शक्ती आईच्या पोटातच मिळते. शिंगराला ती तशी मिळत नाही. ती सगळी चिकातून येते. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचा उपयोग होईल.

घोड्याची निगा राखणाऱ्याला मोतद्दार म्हणतात. बाबा मोतद्दार होते. त्यांचा दिवस पहाटे सुरू होई. आधी घोड्याकडे नुसते पाहायचे. रात्रीची चंदी संपली का? लीद कशी पडली आहे? चारी पायांवर सारखा भार आहे का? मग पाणी, मग वैरण, मग खरारा. खरारा म्हणजे दातेरी लोखंडी ब्रश. त्याने अंगावरची धूळ आणि मेलेले केस निघतात आणि रक्त खेळते. खरारा करताना हात साऱ्या अंगावरून फिरतो, म्हणून कुठे सूज आहे, कुठे जखम आहे, हे तेव्हाच कळते.

"घोड्याच्या मागून कधी जायचं न्हाई," बाबा म्हणाले. यामागे कारण आहे. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्याला दोन्ही बाजूंचे खूप दिसते, पण शेपटीच्या थेट मागचे दिसत नाही. नाकाच्या अगदी पुढचेही दिसत नाही. न दिसणाऱ्या जागेतून कोणी आले, की तो दचकतो, आणि दचकला की लाथ मारतो. म्हणून खांद्याच्या बाजूने जावे, जाताना बोलत जावे, आणि हात आधी मानेवर ठेवावा. मागे जायचेच असेल, तर पाठीवर हात ठेवून अंगाला लागून जावे. दोन हात लांबून गेलात, तर लाथ पुऱ्या जोराने बसते.

खाण्याचे तर फारच सांभाळावे लागते. बैल वैरण खातो आणि मग निवांत रवंथ करतो. घोडा रवंथ करीत नाही. एवढ्या मोठ्या जनावराचे जठर लहान असते. त्यामुळे त्याला थोडे थोडे, पण दिवसातून पुष्कळ वेळा खायला लागते. एका वेळी ढीगभर चंदी घातली, तर पोट दुखू लागते. आणि घोड्याला उलटी करता येत नाही. पोटात गेलेले वाईट बाहेर टाकायला त्याला तोंडाची वाट नाही. म्हणून पोटशूळ हा घोड्याचा फार वाईट आजार आहे. घोडा पुन्हा पुन्हा पोटाकडे वळून पाहू लागला, जमीन खुरांनी उकरू लागला, लोळू लागला, घामाने भिजला, की जनावरांच्या डॉक्टरला ताबडतोब बोलवावे. ओला बुरसटलेला कडबा घोड्याला घालू नये. आपण म्हणतो, 'घोड्यासारखा दणकट'. पण पोटाच्या बाबतीत घोडा फार नाजूक आहे.

खुरांचेही तसेच. सहा आठवड्यांच्या सुमाराला नालबंद येतो, खूर कापतो आणि नाल बदलतो. खूर आपल्या नखासारखा सारखा वाढत असतो. पागेची जमीन ओली राहिली, तर खुराच्या तळव्याला घाण वास येऊ लागतो, मग तो सडतो. कोकणात आणि मुंबईत पाऊस फार. इथे घोडा ठेवणाऱ्याने कोरड्या जागेची काळजी आधी घ्यावी आणि झूल-बील नंतर आणावी. लग्नाच्या वरातीत झगमगीत झूल आणि खाली सडलेले खूर, असे घोडे आम्ही पाहिले आहेत.

आणखी एक गोष्ट. लिदीत आणि तबेल्याच्या मातीत धनुर्वाताचे जंतू असतात. घोड्यापाशी काम करणाऱ्याच्या पायात खिळा घुसला, तर हळद लावून बसू नये. धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे. घोड्यालाही धनुर्वात चटकन होतो. त्यालाही वेळेवर टोचून घ्यावे लागते. घोड्याच्या नाकातून चिकट पू येऊ लागला, अंगावर गाठी उठून फुटू लागल्या, तरी लपवू नये. तो ग्लँडर्स असू शकतो. हा रोग माणसालाही होतो. अशा घोड्याची खबर सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात देणे कायद्याने बंधनकारक आहे.

आता बाईंच्या प्रश्नाकडे येऊ. साप आणि घोडा यांचा संबंध काय?

मुंबईत परळला हाफकिन संस्था आहे. वाल्डेमार हाफकिन हे रशियाच्या साम्राज्यात जन्मलेले शास्त्रज्ञ. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली, तेव्हा ते इथे आले. त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती पहिल्यांदा स्वतःच्या अंगात टोचून घेतली. १८९९ साली त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नर बंगल्यात गेली. १९२५ साली तिला त्यांचे नाव मिळाले. पुढे याच संस्थेत सर्पदंशावरचे औषध होऊ लागले. साप परळला आणि घोडे पुण्याजवळ पिंपरीला, अशी कामाची वाटणी होती.

हे औषध जगात पहिल्यांदा काल्मेत नावाच्या एका फ्रेंच डॉक्टराने १८९५ च्या सुमारास केले. त्यामागची युक्ती साधी आहे. शरीरात परकी, वाईट वस्तू थोडीशी गेली, की शरीर तिच्याशी लढायला रक्तात रक्षक तयार करते. प्रत्येक वैऱ्यासाठी वेगळा रक्षक. शिंगराला चिकातून आईचे रक्षकच मिळतात, हे आपण वर वाचले. हे रक्षक एका शरीरातून दुसऱ्यात नेले तरी काही दिवस काम करतात. मग सापाच्या विषाशी लढणारे रक्षक घोड्याच्या अंगात तयार करून माणसाला का देऊ नयेत? घोडाच का? कारण तो मोठा आहे, माणसाळलेला आहे, आणि त्याच्या अंगात रक्त भरपूर असते. चारशे-पाचशे किलोच्या घोड्याच्या अंगात तीस ते चाळीस लिटर रक्त असते. माणसाच्या अंगात पाच लिटरच्या आसपास.

आता पद्धत पाहा. निरोगी, वयात आलेला घोडा निवडतात. त्याला काही दिवस वेगळा ठेवून तपासतात. मग सापाचे विष अगदी थोडे, घोड्याला सोसेल इतकेच, औषधात मिसळून कातडीखाली टोचतात. काही दिवसांनी पुन्हा, जरा जास्त. असे आठवडेच्या आठवडे चालते. हळूहळू घोड्याचे रक्त त्या विषाला पुरे पडू लागते. रक्ताचा नमुना तपासून हे पाहतात. मग मानेच्या मोठ्या शिरेतून रक्त काढतात. चारशे किलोच्या घोड्याचे एका वेळी सुमारे सहा लिटर.

"सहा लिटर!" बाई म्हणाल्या. "मग घोडा उभा कसा राहतो?"

त्याचे असे आहे. रक्तात लाल पेशी असतात आणि पिवळसर पाणी असते. आपल्याला हवे ते रक्षक त्या पिवळ्या पाण्यात असतात. नीट चालणाऱ्या ठिकाणी लाल पेशी वेगळ्या करून, मिठाच्या शुद्ध पाण्यात कालवून, त्याच घोड्याला परत देतात. पुढचे रक्त काढण्याआधी त्याला विश्रांती देतात. पिवळे पाणी कारखान्यात शुद्ध होते, वाळवून त्याची पांढरी भुकटी होते, आणि ती लहान बाटलीत भरतात. देण्याच्या वेळी ती शुद्ध पाण्यात विरघळवतात.

भारतात हे औषध चार सापांच्या विषावर मिळून केलेले असते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. त्यामुळे कोणता साप चावला हे कळले नाही, तरी या चारांपैकी असल्यास तेच औषध चालते. साप मारून किंवा पकडून दवाखान्यात नेण्याची गरज नाही. तसे करताना दुसऱ्या माणसाला साप चावतो.

या कामात पागांचा वाटा कसा आला, तेही सांगण्यासारखे आहे. पुण्याजवळ हडपसरला पूनावाला कुटुंबाची घोड्यांची पागा १९४६ साली सुरू झाली. शर्यतीच्या कामाचे न राहिलेले त्यांचे घोडे औषधासाठी हाफकिनला जात. पुढे सायरस पूनावाला यांच्या मनात आले, की घोडे आपले, तर औषध आपणच का करू नये? १९६६ साली त्यांनी पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट काढली. घोड्यांपासून धनुर्वातावरचे औषध करण्यापासून तिने सुरुवात केली. आज ती जगातली लसी बनवणारी फार मोठी कंपनी आहे. ज्याच्या लिदीत धनुर्वाताचे जंतू, त्याच्याच रक्तात धनुर्वाताचे औषध. बाबांना ही गोष्ट फार आवडली. त्यांनी ती दोनदा सांगायला लावली.

वर्गात एकाने विचारले, "मग ही लस आधीच टोचून घेतली तर?" तसे चालत नाही. ही लस नव्हेच. लस आपल्या शरीराला रक्षक तयार करायला शिकवते, म्हणून ती आधी घ्यायची. हे औषध म्हणजे दुसऱ्याचे तयार रक्षक. ते थोडे दिवस टिकतात आणि संपतात. म्हणून हे चावल्यानंतरच द्यायचे.

दुसऱ्याने विचारले, "एक बाटली घरात आणून ठेवली तर?" तेही नाही. एका बाटलीने भागत नाही. विष चढले असेल, तर सुरुवातीलाच आठ-दहा बाटल्या शिरेतून द्याव्या लागतात. लहान मुलालाही तितक्याच, कारण सापाने मुलाला विष काही कमी दिलेले नसते. शिवाय औषध घोड्याचे. माणसाच्या शरीराला ते परके वाटते. काहींच्या अंगावर पित्त उठते, हुडहुडी भरते, क्वचित श्वास कोंडतो आणि रक्तदाब एकदम उतरतो. त्यावरचे इंजेक्शन डॉक्टरांच्या हाताशी तयार असावे लागते. म्हणून हे दवाखान्यातच घ्यायचे. सासूबाईंची भीती अगदीच खोटी नव्हती, पण ती भीती डॉक्टरांना सांभाळता येते. विष भगताला सांभाळता येत नाही.

मग भगताकडे गेलेले पुष्कळ लोक बरे कसे होतात? कारण पुष्कळ साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापही प्रत्येक वेळी विष सोडतोच असे नाही. ते लोक मंत्राविनाही बरे झाले असते. खरे विष चढलेला माणूस मात्र तिथे वेळ घालवून बसतो. दवाखान्यात डॉक्टर पाहतात, की विष चढले आहे का. एक साधी परीक्षा अशी. थोडे रक्त काचेच्या स्वच्छ नळीत घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवतात. एरवी रक्त गोठते. घोणस किंवा फुरसे यांचे विष अंगात असेल, तर बहुधा ते पातळच राहते.

मण्यारीचे वेगळे. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते. दुखत नाही, सूज येत नाही, खूण शोधूनही सापडत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, बोलणे अडखळते, आणि मग श्वास थांबू लागतो. घरचे समजतात, अन्न बाधले. जमिनीवर झोपलेला धडधाकट माणूस पहाटे असा पडला, तर मण्यारीचा संशय घ्यावा आणि दवाखाना गाठावा. शक्यतो खाटेवर झोपावे, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचावी.

साप चावला तर जखम चिरू नये, चोखू नये, दोरीने आवळून बांधू नये. अंगठी, बांगड्या, पैंजण लगेच काढावे, कारण नंतर सूज येते. हाड मोडल्यावर बांधतो तशी फळी लावून तो हात किंवा पाय स्थिर ठेवावा. माणसाला चालवू नये. १०८ या क्रमांकावर फोन करावा. गाडी येण्याची वाट पाहण्यापेक्षा मोटारसायकल जवळ असेल, तर दोघांच्या मध्ये बसवून न्यावे. कांदिवलीत पालिकेचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर रुग्णालय आहे. लोक त्याला शताब्दी म्हणतात. तुमच्या गावाजवळचे कोणते, ते आजच विचारून ठेवा. सर्पदंशावरचे औषध तिथे असते का, हेही विचारा. २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे मेली, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. बहुतेक खेड्यांतली, आणि सुमारे निम्मी पावसाळ्यात.

वर्ग सुटायची वेळ झाली. बाबा उठले नाहीत. त्यांनी विचारले, "त्या घोड्यांचं पुढं काय होतं?"

हा प्रश्न आम्हालाही सोपा नव्हता. त्यांच्यासाठी नियम आहेत. किती रक्त काढावे, किती विश्रांती द्यावी, म्हातारपणी कसे सांभाळावे, हे सगळे लिहिलेले आहे. पण २०१६ च्या सुमारास देशातल्या अशा काही ठिकाणांची तपासणी झाली, तेव्हा बऱ्याच घोड्यांची आबाळ दिसली. रोडावलेली अंगे, वाढलेले खूर, न धुतलेल्या जखमा. शर्यतीच्या घोड्याचे नाव वर्तमानपत्रात छापून येते, म्हणून त्याची बडदास्त असते. औषधाच्या घोड्याला कोणी ओळखत नाही. एका बाटलीत तर अनेक घोड्यांचे रक्त एकत्र झालेले असते. प्रयोगशाळेत घोड्याविना असे औषध करण्याचे प्रयत्न आता चालले आहेत. ते साधेपर्यंत घोडाच आहे. आमच्या मते अशा ठिकाणी शास्त्रज्ञाइतकाच चांगला मोतद्दार लागतो, आणि त्याला पगारही तसा द्यावा.

"खूर वाढलेले म्हंजे नालबंदच येत न्हाई तिथं," बाबा म्हणाले. एवढेच म्हणाले.

पुढच्या आठवड्यात ते पिशवीत काहीतरी घेऊन आले. जुना खरारा होता. दाते झिजलेले, मूठ तुटून तारेने बांधलेली. तो हातोहात वर्गात फिरला. बाईंनी तो आपल्या हातावर घासून पाहिला. त्या रात्री आम्ही फळ्यावर 'खरारा' लिहिले. एक 'ख' आणि दोन 'रा'. बाबांनी पाटीवर तो शब्द चार वेळा लिहिला. तिसऱ्या वेळी एक काना राहिला होता, तो त्यांनी स्वतःच पाहून घातला.